साळवे सरांची चाळणी

साळवे सर कुणाच्याही घरी गेले की चहाला नको म्हणत नसत. पण कप हातात येईपर्यंत त्यांची नजर घरातला कंपूटर शोधत असायची. कंपूटर नसला तर मोबाइल. "जरा दावा बरं," म्हणून हात पुढं करायचे. चष्मा कपाळावर सरकवायचे, पडदा नाकाजवळ धरायचे, बातम्यांचं एखादं पान उघडून बोटानं खाली-वर करायचे आणि मान हलवायचे.

"लई गर्दी हाय तुमच्या घरात."

घरात त्या वेळी बहुधा म्हातारा-म्हातारीशिवाय कुणी नसायचं. सर म्हणायचे ती गर्दी पडद्यावरची. वजन उतरवा, केस उगवा, गुडघा बदलू नका, हे घ्या, इथं दाबा. बातमी चार ओळींची आणि तिच्याभोवती अशी जत्रा. मग पाच-दहा मिनिटं ते खाली मान घालून काहीतरी करत बसायचे. तोवर चहावर साय धरायची. शेवटी तेच पान पुन्हा उघडून यजमानासमोर धरायचे. आता पानावर नुसती बातमी. "हं, वाचा आता," म्हणायचे, आणि गार चहा एका घोटात संपवून उठायचे.

मी तलवाड्याच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा सर तिथं मुरलेले होते. गेवराईहून एसटीनं येणारी मी नवी बाई. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुठं बसावं कळेना, तेव्हा त्यांनी शेजारची खुर्ची स्वतःच्या रुमालानं पुसली. "बसा मॅडम. हितं वारं येतं." पुढं सोळा वर्षं मी त्याच खुर्चीत बसले.

उंचीनं बेताचे, अंगानं वाळके. केस काळे कुळकुळीत आणि मिशा मात्र पांढऱ्या. केसांना कलप लावायचे, मिशांना नाही. "मिशीला लावला की भाकरीला चव येती कलपाची," म्हणायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि रंगाचा एक ब्रश असायचा. ब्रश कशाला, तर कीबोर्डमधली धूळ काढायला. मूळचे ते चित्रकलेचे शिक्षक. शाळेत कंपूटर आले तेव्हा खोलीची किल्ली घ्यायला कुणी तयार होईना. गणिताचे म्हणाले, आमचे तास वाढतील. विज्ञानाचे म्हणाले, चोरी झाली तर जबाबदार कोण? फिरत फिरत किल्ली साळवे सरांकडं आली. चित्रकलेच्या माणसाला कुठं काय काम असतं, अशी सगळ्यांची समजूत. सरांनी किल्ली घेतली, बीडहून दोन पुस्तकं आणली, आणि दिवाळीच्या सुट्टीत एकटेच त्या खोलीत बसून कंपूटर शिकले.

नोकरी लागायच्या आधी सर भिंती रंगवायचे. बियाणं, सिमेंट, चहापत्ती, पाइप. गेवराईपासून पार कडा गावापर्यंत रस्त्याकडेच्या भिंतींवर त्यांच्या हातच्या जाहिराती होत्या. एकदा सहलीच्या बसमध्ये ते एकदम उठून उभे राहिले आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. एका पडक्या गोदामाच्या भिंतीवर फिकट कपबशी होती.

"माजी हाय ती. बघा, अजून वाफ निघती."

साऱ्या बसनं टाळ्या वाजवल्या.

चाळणीची सुरुवात एका मुलीमुळं झाली. नववीतली अबोल मुलगी. कंपूटरच्या तासाला ती शिष्यवृत्तीची माहिती शोधत होती. पान उघडलं आणि त्यावर भलतंच गलिच्छ चित्र आलं. ते बंद करायला तिनं कोपऱ्यातली फुली दाबली, तर तसली आणखी दोन उघडली. वर्गात हशा पिकला. मुलीनं बाकावर डोकं टाकलं ते वर उचलेना. सरांनी कोपऱ्यातला चित्रकलेचा फळा आणून तिच्या पडद्यासमोर उभा केला. कुणावर ओरडले नाहीत. "चला रे, बाहेर. आज लिंबाचं झाड काढायचंय," एवढंच म्हणाले. पोरं पाट्या-कागद घेऊन अंगणात गेली. ती मुलगीही गेली, आणि तिचं झाड त्यांनी सगळ्यांत आधी बघितलं.

दोन दिवसांनी खोलीतल्या बाराही कंपूटरांवर त्यांनी ती सोय बसवलेली होती. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट बघतो ती. त्या खिडकीला जोडायचा एक छोटासा तुकडा असतो, एक्स्टेन्शन म्हणतात त्याला. पान आत येतानाच तो जाहिराती बाजूला काढतो, आपल्याला उरलेलं पान दिसतं. हे सगळं सरांनी फळ्यावर पिठाची चाळणी काढून समजावलं. वर कोंडा, खाली पीठ. तेव्हापासून शाळेत त्याला चाळणीच म्हणत. "सर, माझ्या मशिनची चाळणी बंद पडली," असं पोरं ओरडायची तेव्हा तपासणीला आलेले साहेबही गोंधळायचे.

सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते मंगलवहिनींनी बोलावलं म्हणून. शाळेमागंच दोन खोल्यांचं घर. दारातून आत गेलं की समोर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली टेबलावर कंपूटर, आणि त्यावर वहिनींनी विणलेला लोकरीचा रुमाल. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. सरांनी त्यांना कंपूटर शिकवला होता, आणि तेव्हापासून त्याही त्यांना "सर"च म्हणायच्या. "आवं" किंवा "सुजीचे बाबा" नाही. भाजी टाकताना हाक मारायच्या, "सर, मीठ बघा की जरा." सर चमचा घेऊन जायचे. एकुलती मुलगी सुजाता हसून हसून बेजार व्हायची.

दुपारी घरातलं आवरलं की वहिनी कंपूटरपुढं बसायच्या. ब्लाउजांचे गळे बघायच्या, शेवेच्या पाककृती वाचायच्या, भीमगीतं लावायच्या. एक बोट उचलून अक्षर शोधायच्या, दाबायच्या, आणि बरोबर आलं की मागं वळून बघायच्या. मागं कुणी नसलं तरी.

सुजाता बारावीला लातूरला होती. त्या उन्हाळ्यात वहिनींच्या छातीला गाठ लागली. सर लगेच त्यांना बीडला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, फार बरं केलं, ऑपरेशन करून टाकू, चांगल्या राहतील. तारीखही दिली. सरांनी रजेचा अर्ज टाकला, त्यांचे तास मी घ्यायचं ठरलं.

पण तारखेला दोघं गेलेच नाहीत. वहिनी म्हणाल्या, सुजीच्या ॲडमिशनचं होऊ द्या. ॲडमिशन झालं, नर्सिंगला. मग भावाच्या मुलीचं लग्न निघालं. लग्न झालं, तर म्हणाल्या, "आता बरं वाटतंय मला. गाठ बारीक झालीय." सर एकदा चिडले. वहिनींनी त्यांना ऐकवलं, "माजं आंग हाय. मला कळतंय न्हवं?" सरांनी तो विषय सोडला. मला म्हणाले, "कमी होतीय म्हणती, मॅडम." मीही म्हटलं, चांगलं झालं की. हे मी म्हटलं होतं. 

थंडीत वहिनींना दोरीवर कपडे टाकता येईनात. हात वरच उचलेना. पुन्हा बीड, मग संभाजीनगर. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि विचारलं, "मधले सहा महिने काय करत होतात तुम्ही?" सरांनी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी खाली बघितलं.

ज्वारीच्या कोठीमागं बाटल्या सापडल्या. कसल्याशा काढ्याच्या. रिकाम्या बाटल्या वहिनींनी धुऊन, पुसून, ओळीनं पालथ्या घालून ठेवल्या होत्या. टाकून द्यायला मन झालं नसेल. काचेच्या होत्या.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून सरांनी मला सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेलं आजाराचं नाव वहिनींनी एक-एक अक्षर बघून घरच्या कंपूटरवर टाकलं होतं. माहिती वाचावी म्हणून, एकदाच. त्या दिवसापासून त्या जे पान उघडतील तिथं तेच. 'विनाऑपरेशन गाठ विरघळवा.' शेवेच्या पाककृतीशेजारी तेच, ब्लाउजाच्या गळ्यांखाली तेच, वंदनेच्या गाण्याआधी तेच. हसणाऱ्या बायकांचे फोटो, म्हणे आम्ही बऱ्या झालो.

"मला काय म्हणली म्हायती का?" सर समोरच्या भिंतीकडं बघत होते. "म्हणली, सर, एका ठिकाणी असतं तर मी नसता इस्वास ठिवला. पण जिथं बघावं तिथं तेच. इतकी माणसं खोटं बोलतेल का? आन तुमच्या कंपूटरवर खोटं कसं येईल, म्हणलं."

मी विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलं का, की ही इतकी माणसं नव्हतीच? एकच जाहिरात मागं लागली होती म्हणून?"

"न्हाई."

"का?"

"कशाला, मॅडम? लई माणसं सांगत हुती असंच वाटू द्या तिला. एकानं फसवलं म्हणलं तर सोताला येडी समजून जाईल ती."

वहिनी होळीच्या आधी गेल्या.

जलदान विधीच्या दिवशी अंगणात मांडव होता. भंतेजींचं सांगून झालं, माणसं जेवायला बसायची होती. सुजाता उठून सरांसमोर उभी राहिली. नर्सिंगचं पहिलं वर्ष, एकोणीस वर्षांची पोर. वाढणाऱ्या बायकाही थांबल्या.

"बाबा, शाळेतल्या सगळ्या पोरांना चाळणी. माझ्या आईला कावून नव्हती?"

 सर म्हणाले, "राहिलं."

"राहिलं?"

"हं. राहिलं."

ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेली. पुढं पुण्याला एका दवाखान्यात लागली. सणावाराला फोन करायची, दोन वर्षांतून एकदा यायची. आली तरी आईची साडी उलगडून बघायची, पुन्हा घडी करायची आणि जायची. कंपूटर असलेल्या खोलीत ती बसत नसे.

त्यानंतर सरांनी घरोघर जायला सुरुवात केली. शनिवारची सकाळची शाळा सुटली की मोटारसायकल काढायचे. आधी तलवाडा, मग वाड्या, मग आसपासची गावं. कंपूटर फारसे नसतच. मोबाइलमध्ये दुसरा ब्राउझर टाकून त्याला चाळणी जोडावी लागे. म्हाताऱ्यांना एकच प्रश्न विचारायचे. "आजी, तुमाला काय दुखतंय? आन ते ह्या मोबाइलला कसं काय ठावं?" आजी दचकायची. खरंच, मोबाइलला कसं ठाऊक?

मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही स्वतः इतक्या भिंती रंगवल्यात. जाहिरातीवर एवढा राग का?"

"भितीवर राग न्हाई माजा. माजी भित जागेवर हुबी ऱ्हायची मॅडम. तुमी आलात, बघितली, पुढं गेलात, संपलं. ती काय तुमच्या मागं घरी येत न्हवती. उशाला बसून तुमचं दुखणं इचारत न्हवती."

आणि सगळं थांबतं असा दावा त्यांनी कधी केला नाही. व्हिडिओतल्या निसटतात, ॲपमधल्या निसटतात. "निम्मं थांबतं," म्हणायचे. "निम्मं तर निम्मं."

नारायणगडाच्या जत्रेत त्यांनी एकदा टेबल टाकलं होतं. मी मुद्दाम बघायला गेले. मागं स्वतः रंगवलेला फलक, पिवळ्यावर लाल अक्षरं, खाली सुंदर सावली: 'मोबाइल आणा, जाहिराती काढून न्या. अगदी मोफत!' दोन तास झाले तरी एक माणूस फिरकला नाही. लोक फलक वाचायचे आणि लगबगीनं पुढं जायचे. शेवटी एक आजीबाई थांबल्या.

"तुमचं औषध कशावर हाय, बाबा?"

सर फलकाकडं वळले, आणि मी त्यांना इतकं हसताना तेव्हा एकदाच पाहिलं. म्हणजे वहिनी गेल्यानंतर एकदाच. त्यांनी ब्रश काढला, फलक उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर साध्या काळ्या अक्षरांत लिहिलं, 'साळवे गुरुजी, तलवाडा. मोबाइल बघून देतो.' मग रांग लागली. त्या आजीबाई रांगेत पहिल्या होत्या. त्यांच्याकडं मोबाइल नव्हता. सरांनी त्यांना पाणी दिलं, स्टुलावर बसवून घेतलं आणि त्यांचं दुखणं काय ते ऐकून घेतलं. निघताना बजावलं, "आजी, सरकारी दवाखान्यात जावा. दुसरीकडं कुठं न्हाई."

त्यांचाच एक जुना विद्यार्थी भागवत गावच्या बातम्यांचं संकेतस्थळ चालवायचा. तो एक दिवस शाळेत भांडायला आला. माझ्या देखत झालं.

"सर, गावभर चाळण्या बसवत सुटलात. आमी कशावर जगायचं? ग्रामपंचायतीच्या बातमीसाठी मी दिवसभर हुबा ऱ्हातो. बातमी काय झाडाला लागती का?"

सरांनी त्याला खुर्ची दिली. "खरं हाय तुजं," म्हणाले. "तुज्यापुरतं चाळणीला भोक पाडतो. एकेका संकेतस्थळाला मोकळीक देता येती. बस." त्यांनी तिथल्या तिथं मोकळीक दिली आणि भागवतचंच पान उघडलं. कालव्याच्या पाण्याची बातमी, आणि तिच्या शेजारी, 'मधुमेह सात दिवसांत मुळापासून.'

"हे कोण म्हणतंय?"

"ते मी न्हाई टाकत, सर. मी नुसती जागा सोडतो. काय यायचं ते वरून येतं. तुमाला एक दिसतं, मला दुसरंच."

"म्हंजी तुज्या दारावर काय लिवलंय, ते तुलाच ठावं न्हाई?"

 भागवतची आई मधुमेहानं अंथरुणाला होती. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू गिरणीवाल्याला इचार, टॅक्टरच्या ग्यारेजवाल्याला इचार. त्येंच्या जाहिराती मी काढून देतो. हातानं."

आणि खरंच त्यांनी काढून दिल्या. शाळा सुटल्यावर मुलांच्या बाकावर कागद पसरून बसायचे. गिरणीची जाहिरात, बांगड्यांच्या दुकानाची, रोपवाटिकेची. भागवत त्या आपल्या पानावर लावायचा, आणि त्या साध्या चित्रांना चाळणी अडवत नसे. गावात चेष्टा सुरू झाली की साळवे सरांच्या चाळणीतून फक्त साळवे सरांच्या जाहिराती खाली पडतात. सर म्हणायचे, "पडू द्या. खऱ्या हायेत."

खरी गोष्ट मला कळली ती त्यानंतर. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे होते. मी कंपूटरच्या खोलीत बसले होते. पान उघडेना, वर सूचना आली की जाहिराती अडवणारं काही असेल तर आधी बंद करा. मी सहज हाक मारली, "सर, ही तुमची चाळणी काढा हो जरा. फॉर्म अडलाय."

सर आले. चाळणी बंद केली. आणि जायच्या ऐवजी माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. "झालं का, मॅडम?" दोन मिनिटांनी पुन्हा, "झालं का?" वर्गाची घंटा झाली, तरी हलले नाहीत. मी शेवटचा फॉर्म पाठवला तेव्हा त्यांनी माझ्या हाताखालून हात घालून चाळणी चालू केली, दोनदा तपासली, आणि मग स्टुलावर बसले. कपाळ घामानं भिजलं होतं.

"सुजीच्या फॉर्मला असंच झालतं," म्हणाले. "शेवटचा दिवस. ती लातूरला, मी घरच्या कंपूटरवर. पान उघडंना. फोनवर रडायला आली. म्हणली, बाबा, ते काढून टाका, त्येच्यामुळंच अडतंय. काढलं. फॉर्म गेला. मंगलनं गूळ-शेंगदाणे वाटले आळीत." त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "चालू करायचं राहिलं."



"मी दिवसभर हितं बारा मशिनी तपासायचो, मॅडम. घरची एक न्हाई तपासली. डब्यातली भाकर खाताना सुदिक आठवलं न्हाई."

"सुजाताला माहीत आहे?"

"न्हाई. तिला आठवतबी नसंल. आन तुमी सांगू नका." त्यांनी खिशातला ब्रश काढला, कीबोर्डवरून उगाच फिरवला. "तो फॉर्म गेला म्हणून ती नर्स झाली. तिला तो चांगला दिस वाटतो. तसाच ऱ्हाऊ द्या."

"पण ती तुम्हाला दोष देते, सर. इतकी वर्षं."

"दिऊ द्या. माज्यावर राग धरला तर ती जगंल. सोतावर धरला तर कशी जगंल?"

मी सांगितलं नाही. आज लिहिते आहे ते सुजाताच्या परवानगीनं. तिला ते माझ्याकडून कळलं नाही.

सर निवृत्त झाले. कंपूटरच्या खोलीची किल्ली त्यांनी मला दिली. शनिवारचं फिरणं सुरूच होतं. मागच्या वर्षी एका वस्तीवरून परत येताना रस्त्याकडेला गाडी लावून ते खाली बसले ते उठलेच नाहीत. लोकांनी बीडला नेलं. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गेले. त्यानंतर चारच दिवस सर होते. मी पाहिलं ते तेव्हाच, शेवटचं. खिडकीजवळची खाट. मिशा कुणीतरी नीट कापल्या होत्या. सुजाता पुण्याहून आलेली, पायाशी बसून त्यांची नखं काढत होती. पस्तिशीकडं झुकलेली, सरांसारखीच वाळकी. मला बघून उठली, खुर्ची दिली, आणि थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"मागच्या महिन्यात आमच्या वॉर्डात एका आजोबांचा रिपोर्ट उघडेना. त्यांच्या मुलाच्या मोबाइलमध्ये ते जाहिराती अडवायचं होतं. मी म्हणाले, ते काढून टाका, त्याच्यामुळंच अडतंय." नखकात्री तिच्या हातात तशीच राहिली. "मॅडम, हे मी आधी एकदा म्हणाले होते. जसंच्या तसं. लातूरच्या हॉस्टेलच्या फोनवरून."

ती उठून सरांच्या तोंडाजवळ गेली.

"बाबा. मीच म्हणाले होते ना?"

सरांनी तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही.

"बाबा, शेवटचा दिवस होता फॉर्मचा. मला सगळं आठवतंय."

त्यांनी पुन्हा मान हलवली, जोरात, उशी सरकेपर्यंत. डावा हात उचलून पंजा हवेत हलवला. नाही, नाही. घशातून काहीतरी आवाज आला. मग त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली, आणि हलेना.

"नाही गं, सुजाता," मी म्हणाले. "असं असतं तर सर मला बोलले असते. त्यांच्या हातून राहिलं होतं, एवढंच."

तिनं आमच्या दोघांकडं बघितलं.  खाटेच्या कडेवर तिनं डोकं टेकवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. सरांचा डावा हात तिच्या केसांवर होता. बराच वेळ तसाच. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईनं पडदा ओढून घेतला.

दीडची गाडी होती. मी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि वळून बघितलं. सरांनी सुजाताच्या डोक्यावर दोनदा हलकं थोपटलं. तिनं तोंड वर केलं. त्यांनी डाव्या हाताची पाचही बोटं जुळवली, आपल्या तोंडाशी नेली, आणि भुवया उंचावून तिच्याकडं बघत राहिले. जेवलीस का?

तिनं मान हलवली. नाही.

सरांनी टेबलावरच्या डब्याकडं बोट दाखवलं.